मजकूर वाहन हजर करावे

मनुष्याने मोल देऊन घरी आणलेल्या असंख्य वस्तूंपैकी, विकणाऱ्याने पुढे कधीतरी स्वतः होऊन, स्वखर्चाने आणि काहीशा ओशाळ्या स्वरात परत मागवावी, अशी वस्तू मोटारगाडीखेरीज दुसरी क्वचितच सापडेल. शिंपी आखूड झालेल्या सदऱ्याविषयी "दोन धुण्यांत अंगावर बसेल" असे आश्वासन देतो, भिंतीला तडा गेला असता गवंडी "इमारत बसते आहे, बसू द्या" असे तत्त्वज्ञान सांगतो, आणि रस्त्याच्या कंत्राटदाराचे तर पहिल्या पावसानंतर दर्शनच दुर्लभ होते. परंतु कोट्यवधींची उलाढाल करणारा आणि नामांकित वकील पदरी बाळगणारा वाहननिर्माता मात्र एके दिवशी जाहीर करतो की, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्या कारखान्यात तयार झालेल्या इतक्या हजार गाड्यांच्या सांगाड्यात खोट राहिल्याचा संशय आहे, तरी मालकांनी त्या आमच्यापुढे हजर कराव्यात. हा प्रकार इतका अलौकिक आहे की, बीड जिल्ह्यासारख्या व्यवहारचतुर मुलखात त्यावर कोणाचा चटकन विश्वास बसत नाही. आणि तो न बसण्याची कारणे, सूक्ष्म विचार केला असता, सर्वस्वी अनाठायी आहेत असेही म्हणवत नाही.

या सौजन्यामागे नुसते सौजन्य नाही, कायदाही आहे. वाहन-उत्पादकांच्या संघटनेने २०१२ साली यासंबंधी स्वेच्छेने पाळावयाची एक संहिता केली होती. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम त्यात दाखल झाले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचा अंमल सुरू झाला. ज्या प्रकारच्या वाहनातील दोषामुळे चालकास, उतारूंस, रस्त्यावरील अन्य जनांस किंवा पर्यावरणास अपाय संभवतो, आणि ज्याविषयी ठरवून दिलेल्या प्रमाणात मालकांनी सरकारदरबारी तक्रार गुदरली आहे किंवा तपासणी-संस्थेने तसा अहवाल दिला आहे, ती वाहने परत बोलावण्याचा हुकूम केंद्र सरकारने सोडावा, आणि निर्मात्याने ती दुरुस्त करून द्यावीत, बदलून द्यावीत किंवा किंमत परत करावी, असा या कलमाचा आशय. सक्तीच्या हुकमाची पाळी आली तर दंडाची रक्कम १० लाखांपासून १ कोटीपर्यंत जाते. परंतु कलमाचा सर्वांत रम्य भाग अजून पुढेच आहे. जो निर्माता आपला दोष आपणच ओळखून सरकारास कळवतो आणि गाड्या परत बोलावतो, त्याला हा दंड माफ. प्रांजळ कबुलीला अशी बक्षिसी ठेवणारी तजवीज आपल्या कायद्यांत विरळाच, आणि ती माणसांना लागू न करता मोटारीच्या कारखान्यांनाच का केली, हा प्रश्न प्रत्येक सुज्ञ नागरिकाच्या मनात उद्भवल्यावाचून राहणार नाही.

तथापि या सक्तीची व्याप्ती सात वर्षांच्या आतील वाहनांपुरती आहे, आणि बीड जिल्ह्याची पहिली अडचण येथेच उभी राहते. आमच्याकडील पुष्कळशा गाड्यांचे बालपण पुण्या-मुंबईत गेलेले असते. तेथे सात-आठ वर्षे सावलीत उभे राहून, रविवारी न्हाऊन-माखून आणि एकट्या-दुकट्या मालकाला घेऊन कचेरीपर्यंत जाऊन-येऊन झाल्यावर, जेव्हा मालकाचे मन आणि गाडीचा क्लच ही दोन्ही एकाच सुमारास झिजतात, तेव्हा ती एमएच-१२ किंवा एमएच-१४ ची पाटी कपाळी मिरवीत जामखेड-पाटोद्याच्या वाटेने आमच्या मुलखात प्रवेश करते आणि तिच्या खऱ्या गृहस्थाश्रमास आरंभ होतो. पाच जणांसाठी घडवलेली ती गाडी तेव्हापासून लग्नाच्या वऱ्हाडाला अकरा, आठवडी बाजाराला तेरा आणि दसऱ्याच्या मेळाव्याला मोजता येतील तितके उतारू वाहू लागते. म्हणजे सांगाड्याचा खरा कस ज्या वयात लागावयाचा, नेमक्या त्याच वयात कायद्याचे छत्र तिच्या टपावरून दूर झालेले असते.

दुसरी अडचण नावाची. गाडी आली, परंतु गाडीवरचे नाव आले नाही, ही स्थिती आमच्याकडे इतकी सर्वमान्य आहे की, आर.सी. बुकातील मालक आणि स्टिअरिंगमागील मालक हे एकच निघाले तर पोलिसालाही थोडे वाईट वाटते. पहिल्याने कोऱ्या टी.टी. फॉर्मवर सह्या ठोकून गाडी दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तोच कोरा फॉर्म तिसऱ्याला दिला, आणि तिसऱ्याने ती चौथ्याकडे उसनवारीच्या फेडीत पोहोचती केली. दप्तरी मात्र अद्यापि कोथरूडचे ते निवृत्त गृहस्थच मालक म्हणून विराजमान आहेत. साहजिकच कंपनीचे पत्र जाते ते कोथरूडला. तेथे ते गृहस्थ, "आपली ती गाडी अजून चालते?" या आश्चर्याने ते पत्र पत्नीला वाचून दाखवतात, आणि इकडे ती गाडी केज-अंबाजोगाई रस्त्यावर, मागे दोन शेळ्या आणि पुढे तीन पाहुणे घेऊन, संशयित सांगाड्यानिशी निर्धास्त धावत असते.

आता सांगाड्याची खोट म्हणजे काय, हे वाचकांस उदाहरणाने स्पष्ट करावयास हवे. २०२४ साली टीव्हीएस कंपनीने १० जुलै ते ९ सप्टेंबर २०२३ या दोन महिन्यांत तयार झालेल्या सुमारे ४५ हजार आयक्यूब विजेऱ्या स्कूटरी तपासणीसाठी बोलावल्या. सांगाड्यातील 'ब्रिज ट्यूब' नावाची नळी दीर्घकाळ टिकाव धरील की नाही, याची खातरजमा तिला करावयाची होती. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ च्या जुलैत, मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या जातींच्या ८७,५९९ गाड्या स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी परत बोलावल्या. तो रॉड क्वचित प्रसंगी मोडू शकतो आणि मग गाडी वळण्याच्या कामी मालकाचे ऐकेनाशी होते, असे कंपनीनेच सांगितले. याच ईकोच्या वाट्याला त्याआधी दोन अत्यंत निरुपद्रवी बोलावणी आली होती: २०२० साली ४०,४५३ गाड्यांच्या पुढच्या दिव्यावर प्रमाणचिन्ह उमटवावयाचे राहून गेले म्हणून, आणि २०२२ साली १९,७३१ गाड्यांच्या चाकाच्या रिमवर तिचे माप चुकीचे छापले गेले म्हणून. ज्या जिल्ह्यात एका बाजूचा दिवा असणे हीच पुरेशी सालसपणाची खूण मानली जाते, तेथे दिव्यावरील चिन्हासाठी चाळीस हजार गाड्यांना तलब केल्याची वार्ता ऐकून जाणत्यांनी परस्परांकडे पाहून केवळ स्मित केले असेल, यात नवल नाही.

सगळेच निर्माते इतक्या मोकळेपणाने बोलावतात असेही नाही. २०१० च्या नोव्हेंबरात टाटांनी सत्तर हजारांहून अधिक नॅनो गाड्यांना, आगीच्या काही घटनांनंतर, जादा संरक्षक भाग विनामूल्य बसवून देण्याचे जाहीर केले, परंतु गाड्या परत बोलावल्या असे समजू नये, अशी पुस्तीही सोबत जोडली. २०२३ च्या मार्चमध्ये ओला स्कूटरचा पुढचा आधार मोडल्याची छायाचित्रे जिकडेतिकडे पसरल्यावर त्या कंपनीनेही नव्या घडणीचा फोर्क फुकट बदलून देऊ केला, तो मात्र ऐच्छिक सुधारणा म्हणून. रोग्याच्या उशाशी औषधाची बाटली ठेवून, आपणास रोग झालेला नाही असे त्याला बजावण्याची ही वैद्यकी मोठी नाजूक खरी. परंतु तिचा परिणाम असा होतो की, ज्याला सांगितले आहे तोही निर्धास्त आणि ज्याला सांगितले नाही तोही निर्धास्त.

बीड जिल्ह्यातील वाहनमालकाला या सर्व राजकारणाचे सोयरसुतक नसते, कारण त्याचा विश्वास कारखान्यावर नसून वेल्डिंगवर असतो. पिकअप नवी कोरी घरी आली, परळीच्या वैजनाथापुढे किंवा कपिलधारला नेऊन नारळ फुटला, लिंबू-मिरची लटकली, की ती आधी मिस्तरीच्या शेडमध्ये जाते आणि तेथे तिचे पाटे वाढवले जातात, फाळक्याची उंची वाढते, जादा अँगल मारले जातात. ओझे पाट्यांनी पेलले तरी ते शेवटी चासीवरच येते, चासीच्या सरळ पोलादी तुळयांना निर्मात्याने अमुक ओझ्याचा हिशेब धरून घडवलेले असते, आणि तिला भोक पाडू नये अथवा जाळ लावू नये अशी त्याची ताकीद असते, कारण जाळाने जोडालगतच्या पोलादाची घडण बदलून पुढचा तडा बहुधा जोडापासून बोटभर अंतरावरच जातो. ही सर्व शास्त्रीय माहिती मिस्तरीला सांगितली असता तो ती शांतपणे ऐकून घेतो आणि मग बोटभर अंतरावर दुसरी पट्टी मारतो. एके ठिकाणी ऐकलेला संवाद येथे नमूद करण्याजोगा आहे.

"मिस्तरी, कंपनी म्हणती चासीत खोट हाय."

"कंपनीला आत्ता कळलं व्हय, आप्पा? आपण दिवाळीलाच पट्टी मारली की तिथं!"

या उत्तरातील आत्मविश्वासापुढे कोणताही अभियंता हतबल व्हावा. आणि कंपनीच्या दृष्टीने पाहिले तर तिचीही पंचाईत समजण्यासारखी आहे. जी वस्तू आपण विकली तीच परत आली आहे, हे तिने ओळखावे तरी कशावरून?

उसाच्या ट्रॉलीचे शास्त्र याहूनही निराळे. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लक्षावधी ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्याच्या जोडीने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि त्यांच्यामागे ट्रॅक्टरांची रांग निघते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि त्यांवर दिगंतापर्यंत ऊस, हे दृश्य ज्याने पाहिले नाही त्याने मराठवाड्यातील स्थापत्यशास्त्र पाहिलेच नाही. ही ट्रॉली पुष्कळदा रस्त्याकडेच्या शेडमध्ये घडते, आणि तिच्या हुकाची पिन तुटली किंवा साटा वाकला, तर निर्मात्याने मालकाला बोलावण्याची वाट पाहावी लागत नाही. मालकच ती ओढीत निर्मात्याच्या दारात आणतो, निर्माता चहा पीत समोर बसलेलाच असतो, आणि दोष कोणाचा याची कैफियत उभयपक्षी सर्व गावाला ऐकू जाईल अशा आवाजात तेथल्या तेथे निकालात निघते. कलम ११०-अ अस्तित्वात येण्यापूर्वीपासून ही पद्धत निर्वेध चालू आहे. उणीव इतकीच की, त्याच शेडमधून त्याच मापाच्या ज्या आणखी चाळीस ट्रॉल्या बाहेर पडल्या, त्यांच्या मालकांना कोणी कळवीत नाही. आणि परत बोलावण्याच्या साऱ्या शास्त्राचे मर्म तर तेवढ्या एका कळवण्यातच आहे.

ही सहनशीलता आमच्या अंगी अकस्मात आलेली नाही. ज्या पिढीने बजाजची स्कूटर मिळावी म्हणून आठ-आठ, दहा-दहा वर्षे नंबर लावून वाट पाहिली, त्या पिढीला स्कूटर परत करा असे सांगणे म्हणजे नवसाने झालेले मूल शाळेने परत पाठवण्याइतके अशक्य होते. इंजिन एका अंगाला असल्याने ती किंचित कलायची, आणि थंडीच्या सकाळी तिला एका कुशीवर निजवून, पुन्हा उभी करून लाथ मारल्याखेरीज ती जागी होत नसे. परंतु हा दोष आहे असे कोणाच्या मनातही आले नाही, तो तिचा स्वभाव मानला गेला, आणि तो सांभाळून घेणे हे कुटुंबवत्सल माणसाचे कर्तव्य ठरले. तो संस्कार आमच्या तक्रार करण्याच्या शक्तीवर आजही अंमल गाजवतो. शिवाय तक्रार करणारा मालक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो, हेही विसरता कामा नये. आज सरकारच्या दप्तरी सांगाड्याची खोट नोंदवली, तर उद्या मोंढ्याच्या चौकात गिऱ्हाइकापुढे "एक नंबर गाडी आहे, हात लावायचं काम नाही" हे वाक्य कोणत्या तोंडाने उच्चारावे?

इतके सर्व अडथळे ओलांडून बोलावणे योग्य माणसाच्या भ्रमणध्वनीवर येऊन पोहोचलेच, तरी कार्यभाग साधेल असे नाही. आमच्याकडे आजवर "गाडी घेऊन या" हे शब्द फक्त तिघांनी उच्चारले आहेत: पोलिसाने, आरटीओने आणि फायनान्सवाल्याने. चौथा कोणी तेच शब्द गोड आवाजात उच्चारू लागला, तर ऐकणारा सावध होतो.

"नमस्कार सर, गाडी वर्कशॉपला घेऊन या. पैसे लागणार नाहीत."

"हप्ता भरलाय मी. पावती हाय."

"हप्त्याचं नाही सर. कंपनीतून बोलतोय. चासी तपासायची आहे. चासी नंबर सांगता का?"

"सांगतो की. ओटीपी पण सांगू का?"

येथे संभाषण संपते, आणि पुढील सहा महिने तो क्रमांक लागत नाही. समजा, एखादा भाविक त्याही पलीकडे गेला आणि जावयाचे ठरले, तर हंगाम आडवा येतो. गाडी उसाच्या फडावर आहे, पट्टा पडल्यावर पाहू. पट्टा पडला की लग्नसराई, लग्नसराई सरली की पेरणी. आणि खरोखरच मुहूर्त लागला, तर धारूरच्या डोंगरातील मालकापुढे असा गूढ प्रश्न उभा राहतो की, स्टिअरिंगच्या रॉडचा भरवसा नाही म्हणून जी गाडी दुरुस्तीला न्यावयाची, ती त्याच रॉडच्या भरवशावर धारूरचा घाट उतरवून न्यावी काय?

परदेशातही ही गोष्ट सर्वत्र सुकर आहे असे नव्हे. २०२३ साली होंडा कंपनीने अमेरिकेतील सुमारे ५ लाख ६४ हजार जुन्या सीआर-व्ही गाड्या परत बोलावल्या. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून तेथील ज्या राज्यांत रस्त्यांवर मीठ पसरतात, त्या राज्यांतील गाड्यांची मागची चौकट गंजून मोडण्याचा धोका तिला दिसला होता, आणि जेथे गंज फार खोल गेला असेल तेथे गाडीच विकत परत घेण्याची तयारी तिने दाखवली. त्या गाड्या २००७ ते २०११ या सालांच्या होत्या, म्हणजे काहींचे वय पंधरा वर्षांहून अधिक झाले होते. बीड जिल्ह्याला हे भय नाही. गंज चढण्यासही पाणी लागते.

वाहने कोठे आहेत हे ठाऊक असण्याची सोय आमच्या भागात एकेकाळी नव्हती असे कोणी समजू नये. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी सरकारी मोटारवाहतूक सुरू केली, तेव्हा मालक एक, दप्तर एक आणि हुकूम एक. अमुक नंबरची गाडी हजर करा असे फर्मान निघाले की, ती गाडी हजर होत असे. त्याच परंपरेतील आजच्या एसटीचेही तसेच आहे; चिकलठाण्याच्या कार्यशाळेत तिच्या गाड्यांची अंगे बांधली जातात, आणि प्रत्येक गाडी कोणत्या आगाराची, हे सर्वांना माहीत असते. तरीही २०२३ च्या जुलैत गडचिरोली जिल्ह्यात एक एसटी, अर्धे छप्पर उखडून वाऱ्यावर फडफडत असताना, उतारूंसह धावत असल्याचे सर्व महाराष्ट्राने पाहिले. यावरून सिद्ध होते ते असे की, नुसता पत्ता ठाऊक असून भागत नाही. पत्ता आणि कबुली ही दोन्ही एकत्र आली तरच गाडी परत येते. कारखानदारांपाशी अलीकडे थोडी कबुली आली आहे, परंतु आमचा पत्ता नाही. एसटीपाशी पत्ता आहे. आणि मिस्तरीपाशी दोहोंऐवजी एक पट्टी आहे.

येथवर विनोद ठीक. परंतु हा जिल्हा या विषयावर फार वेळ हसू शकत नाही. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे आणि १४ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विनायक मेटे, असे बीडचे दोन नेते मोटार-अपघातांत गेले. त्या अपघातांचा सांगाड्याच्या खोटीशी संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. परंतु मोटारीतील माणूस किती नाजूक असतो, हे या जिल्ह्याला कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही, आणि ज्यांची नावे वृत्तपत्रांत येत नाहीत, असे फडावर जाताना ट्रॉलीखाली सापडलेले कामगार तर प्रत्येक तालुक्याने पाहिले आहेत.

म्हणून शेवटी दोन शब्द विनंतीचे. जो कारखाना आपला माल परत बोलावतो तो लबाड नव्हे; कधीच काही परत न बोलावणाऱ्यापेक्षा त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा. आपल्या आर.सी.वर सतरा अक्षरांचा चासी नंबर असतो. तो कोणाला फोनवर सांगू नये, हे बरोबर, परंतु कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो आपणच घालून पाहावा किंवा अधिकृत वर्कशॉपमध्ये जाऊन विचारावा. त्यास पैसे पडत नाहीत, आणि दोष निघाला तर त्याच्या दुरुस्तीसही पडत नाहीत. गाडी विकली असेल तर नाव फिरवून द्यावे, घेतली असेल तर फिरवून घ्यावे, म्हणजे बोलावणे कोथरूडला न जाता केजला येईल. आणि चासीला तडा दिसलाच, तर मिस्तरीला मारावयाच्या हाकेआधी निर्मात्याला एक हाक मारून पाहावी. पट्टी मारणे पुढेही शक्य आहे. मिस्तरी कोठे जात नाही.